आधी थांबा, मग ‘नको’ म्हणा

दिवाळी सरली आणि हवेत गारवा आला की आमच्या दवाखान्यातील ज्येष्ठ मंडळींच्या प्रश्नांचा सूर पालटतो. ‘गुडघा फार दुखतो’ या तक्रारीची जागा ‘गुडघा काशीपर्यंत साथ देईल ना?’ हा प्रश्न घेतो. कोणी काशी-प्रयाग-गया अशी त्रिस्थळी यात्रा ठरवलेली असते, कोणाला मुलाने आग्रा-जयपूरची सहल भेट दिलेली असते. मी रक्तदाब पाहतो, साखरेचा अहवाल वाचतो, औषधांची यादी लिहून देतो आणि ‘सुखरूप जाऊन या’ असे म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आले होते. वय वर्षे त्र्याहत्तर. गावात सारेच त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. निघताना काकूंनी विचारले, “डॉक्टर, तिथे फेरीवाले फार मागे लागतात म्हणे. यांचा स्वभाव तर भिडस्त. काय करावे?” बाहेर रुग्णांची रांग होती. चिठ्ठीवरून मान वर न करताच मी म्हणालो, “त्यांच्याकडे बघायचे नाही, बोलायचे नाही आणि थांबायचे तर मुळीच नाही. झपझप चालत राहायचे.”

तीन महिन्यांनी गुरुजी वॉकरच्या आधाराने दवाखान्यात आले. दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची गंगा आरती आटोपून ते पायऱ्यांवरून चालले होते. एक नावाडी, रुद्राक्षाच्या माळा विकणारा एक तरुण आणि दिव्यांचे द्रोण विकणारी एक मुलगी अशा तिघांनी त्यांना गाठले. गुरुजी थांबले नाहीत. चालता चालता मागे मान वळवून ते ‘नको, नको’ म्हणत राहिले आणि पुढची पायरी त्यांना वाटली तिथे नव्हती. खुब्याचे हाड मोडले. वाराणसीतच शस्त्रक्रिया झाली आणि यात्रा तिथेच संपली.

“डॉक्टर, तुमचा सल्ला मी तंतोतंत पाळला हो,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. त्यांच्या अनुमतीने हा प्रसंग लिहीत आहे. कारण मी दिलेला तो सल्ला तरुणांसाठी ठीक आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी मात्र तो चुकीचा आहे. आज तो सुधारून घ्यायचा आहे.

चालणे आणि बोलणे, दोन्ही एकाच वेळी नको

तरुणपणी चालण्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. पाय आपले काम करतात आणि मन गप्पांत रमते. वय वाढते तसे चालणे हे लक्ष देऊन करण्याचे काम होते. पायांच्या तळव्यांची संवेदना, कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा आणि दृष्टी हे तिन्ही थोडेथोडे मंदावलेले असतात. ही उणीव मेंदू अधिक लक्ष देऊन भरून काढतो. ते लक्ष कोणी बोलण्याकडे ओढून घेतले की पाऊल चुकते. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धाश्रमातील रहिवाशांचे निरीक्षण करून एक साधी गोष्ट नोंदवली होती. चालताना कोणी बोलू लागले की ज्यांना थांबावेच लागते, त्यांचे पुढील सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक होते. अशा माणसाने थांबणे हेच शहाणपणाचे असते. त्याला न थांबता चालण्यास सांगणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे होय.

त्यात घाटाच्या पायऱ्या सर्वत्र सारख्या उंचीच्या नसतात. काही ओल्या असतात, तर काहींवर पूर उतरल्यानंतरच्या गाळाचा थर असतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असल्याने त्यातून पाहिले की पायरीची कड पुसट दिसते. मागे मान वळवली की तोल आणखी ढळतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून गंगाजल घेऊन चटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी चारही बाजूंनी ‘बाबूजी, माला’, ‘माताजी, नाव’ असा गलका होतो. विक्रेत्याची वस्तू दहा रुपयांची असो वा हजाराची, तो आपल्यावर लादतो ती घाई. आपला धोका त्या घाईत आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. कोणी मागे लागल्याची जाणीव होताच दोन्ही पाय टेकवून उभे राहावे. शक्य असल्यास भिंतीच्या किंवा कठड्याच्या बाजूला व्हावे. एका हाताने कठडा, काठी अथवा सोबतच्या माणसाचा दंड धरावा आणि दुसरा हात मूठ मिटून छातीशी घ्यावा. मग समोर पाहून एकच वाक्य शांतपणे म्हणावे, “नहीं चाहिए, भैया.” त्यानंतर दोन संथ श्वास घ्यावेत, पायरी पाहावी आणि मगच पाऊल टाकावे. तो पुन्हा आडवा आला तर पुन्हा थांबावे. आपल्याला कोठेही धावत जायचे नाही.

नकाराला कारणे जोडू नयेत. ‘एवढे महाग?’ म्हटले की भाव उतरू लागतो, ‘घरी आहे’ म्हटले की ‘सुनेसाठी घ्या’ असे उत्तर येते. आणि ‘बाद में’ हा शब्द तर उच्चारूच नये. आपल्या दृष्टीने तो सभ्य नकार असतो, परंतु विक्रेता त्याला वचन समजतो आणि परतीच्या वाटेवर वाट पाहत उभा राहतो.

भीड आणि हातात ठेवलेली वस्तू

‘भीड ही भिकेची बहीण’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तरीही आपल्या पिढीला लहानपणापासून भीड शिकवलेली असते. कोणी हात पुढे केला तर तो झिडकारू नये, देवाचे म्हणून दिलेले नाकारू नये, हे संस्कार आहेत आणि ते चांगलेच आहेत. मात्र तीर्थक्षेत्री आणि पर्यटनस्थळी याच संस्कारावर काहींचा व्यवसाय चालतो. कपाळाला गंध लावले जाते आणि मग दक्षिणेचा आकडा सांगितला जातो. फूल हातात ठेवले जाते, मनगटाला दोरा बांधला जातो. दशाश्वमेध घाटावर कोणी हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि आपला हात हाती येताच तो दाबून मालिश सुरू करतो. दोन मिनिटांत खांद्यापर्यंत पोहोचून पैसे मागतो.

यावर उपाय म्हणजे वस्तू हातात येण्यापूर्वीच नकार देणे. छातीशी घेतलेली मिटलेली मूठ यासाठीच आहे. दोन्ही हात मोकळे असतील आणि आपण सपाट जागी उभे असाल तर नमस्कार करावा. जोडलेल्या हातांत कोणालाही काही ठेवता येत नाही आणि समोरच्याचा अपमानही होत नाही. गंध लावून घ्यायचेच असेल, नावेत बसायचेच असेल, तर आधी ‘कुल कितना?’ असे विचारून आकडा ठरवावा. नावेचा भाव माणशी की संपूर्ण नावेचा, एकेरी की परतीसह, हेही विचारावे.

दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात, म्हणजे गर्दीत मोठे पाकीट उघडावे लागत नाही. मोबाइलवरून पैसे देताना फोन दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पिन टाकावा लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

शरीर कोणाच्या हाती देऊ नये

माळ महाग पडली तर पैसे जातात. काही विक्रेते मात्र आपल्या शरीरावर प्रयोग करतात, आणि डॉक्टर म्हणून मला त्यांची अधिक चिंता वाटते.

कान कोरणारे उत्तरेकडील शहरांत भेटतात, तसेच गोव्याच्या किनाऱ्यांवरही. ‘फुकट बघतो’ म्हणून सुरुवात होते आणि कानातून खडा निघाल्याचे दाखवले जाते. तो पुष्कळदा त्यांच्याच बोटांत दडवलेला असतो. सळईने कानाचा पडदा फाटू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या ओरखड्यातूनही रक्त थांबत नाही. वयस्कर मधुमेही व्यक्तीत अशा ओरखड्यातून झालेला जंतुसंसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो, आणि त्याचा उपचार कित्येक आठवडे चालतो.

रस्त्यावरची चंपी करून घेताना मानेला झटका देऊन ‘कट्‌’ असा आवाज काढतात. ज्यांना मानेच्या मणक्यांचा विकार आहे, ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, त्यांना हा झटका महागात पडतो. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

तिसरा प्रकार म्हणजे गुडघेदुखीचे तेल, शिलाजित, जडीबुटीची पुडी. ‘तीन दिवसांत गुण’ असे सांगणाऱ्या अनेक पुड्यांच्या तपासणीत स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक औषधे मिसळलेली आढळली आहेत. गुण खरोखर येतो, धोका तिथेच आहे. साखर आणि रक्तदाब वाढतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. असे औषध आपण यात्रेत घेतले असेल तर ते लपवू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या. बरेच दिवस घेतले असल्यास ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

दुकानातली बैठक आणि उतरलेली साखर

सहलीत एक प्रकार हमखास घडतो. रिक्षावाला किंवा वाटाड्या ‘फक्त पाहायला’ म्हणून साडीच्या किंवा संगमरवरी वस्तूंच्या दुकानात नेतो, कारण त्याला तिथे दलाली मिळते. गादीवर बसवतात, चहा देतात, थान उलगडत जातात. अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास होतो. जेवणाची वेळ टळते आणि सकाळी घेतलेली मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आपले काम करतच असते.

साखर उतरली की घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते. वयस्कर माणसात ही लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. केवळ गोंधळ होतो, चिडचिड होते, निर्णय घेता येत नाही. सोबतच्यांना वाटते, ‘आई साडीवरून हट्टाला पेटली आहे’. प्रत्यक्षात तिला साखरेची गरज असते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काहीतरी खाऊ घालावे. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. उपाशीपोटी खरेदी करायची नाही आणि बिस्किटांचा पुडा व साखरेची पुडी खिशात असल्याशिवाय खोलीबाहेर पडायचे नाही, असा नियमच करावा.

बरोबरच्यांनी काय करावे

आता दोन शब्द मुले, सुना आणि सहलीला सोबत करणाऱ्या इतर मंडळींसाठी. वडिलांनी पन्नासची माळ तीनशेला घेतली म्हणून चारचौघांत त्यांना बोलू नका. रागावलेला ज्येष्ठ पुढच्या वेळी सावध होत नाही; तो लपवू लागतो. आज त्याने माळ लपवली, तर उद्या पडल्याचे आणि परवा पुडी घेतल्याचे लपवील. विक्रेता मागे लागला की आपण दोघांच्या मध्ये उभे राहावे, त्यांच्या वतीने नकार द्यावा आणि त्यांचा हात धरण्याऐवजी त्यांना आपला दंड धरू द्यावा. ओढणाऱ्या हातापेक्षा स्वतः धरलेला आधार तोल अधिक राखतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी एकाच सहलीत अगदी सारख्या तीन माळा आणल्या. घरात हसण्यावारी गेले. सुनेने मात्र पाहिले, की तिसरी माळ घेताना पहिल्या दोन घेतल्याचे आजींना आठवतच नव्हते, आणि पाचशेच्या नोटेचे सुटे घ्यायला त्या विसरल्या होत्या. जन्मभर पैशापैशाचा हिशेब ठेवलेल्या बाई! सुनेने त्यांना तपासणीसाठी आणले. जो माणूस कधी फसला नाही तो वारंवार फसू लागला, तर त्याला भोळा म्हणून सोडून देऊ नये. स्मृतिभ्रंशाची ती पहिली खूण असू शकते. कधी त्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता असते, आणि तिच्यावर उपचार आहेत. आजींचे ब-१२ बरेच कमी निघाले. उपचारानंतर त्यांच्यात सुधारणा झाली, पूर्ण नव्हे. पण आता त्या एकट्या बाहेर जात नाहीत आणि घरात कोणी त्यांना हसत नाही.

निघण्यापूर्वी आणि पडल्यानंतर

काशी विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही. फोन, पिशवी, पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि त्यासाठी जवळचे पूजासाहित्याचे दुकानदार बोलावत असतात. ‘ठेवणे फुकट’ म्हणजे पुष्कळदा पूजेचे ताट त्यांच्याकडूनच घेणे असते, तेव्हा तेही आधी विचारावे. फोन बाहेर राहिला की चुकामूक झालेल्या ज्येष्ठाजवळ घरच्यांचा क्रमांकही नसतो. म्हणून एक जाड कागद सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतील खिशात असावा. त्यावर नाव, सोबत्याचा क्रमांक, उतरण्याच्या जागेचा पत्ता, आजार आणि औषधे लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ते ठळक लिहावे. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ती जागा रोज सकाळी ठरवावी. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. पायांची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी अनवाणी चालताना जाड मोजे घालावेत आणि रात्री तळपाय तपासावेत.

काही क्रमांक त्याच कागदाच्या मागे लिहावेत. कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, पर्यटकांच्या मदतीसाठी १३६३, रेल्वेत १३९ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७.

कोणी पडलेच तर त्याला लगेच उचलून उभे करू नये. पाय आखूड वाटत असेल, बाहेर वळला असेल किंवा त्यावर भार घेता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असेच समजावे. चोळणे, ओढणे, हाडवैद्याकडे नेणे टाळावे. आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये. अशी शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ४८ तासांत झालेली बरी, तेव्हा ‘गावी नेऊन बघू’ म्हणून वेळ घालवू नये. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठीक वाटला तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

तो माळवाला

गुरुजींच्या प्रसंगातील एक भाग सांगायचा राहिला. ते पडले तेव्हा सर्वांत आधी धावला तो मागे लागलेला माळवाला तरुणच. त्याने आपली शाल घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवली, कोणाला उचलू दिले नाही, नावाड्याला पोलिसांकडे पिटाळले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत काकूंजवळ बसून राहिला. काकूंनी पैसे देऊ केले तेव्हा त्याने घेतले नाहीत. काकू सांगतात, “तो काही वाईट नव्हता हो. त्याला माळ विकायची होती, आणि आम्हाला पळायचे होते.”

काशीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आजचे विश्वनाथ मंदिर अहल्याबाई होळकरांनी उभारले. तिथे येणाऱ्या यात्रेकरूंवर पिढ्यान्‌पिढ्या कित्येक कुटुंबांची चूल पेटत आली आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षणही दिले आहे. तेव्हा त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. आपल्याला हवी ती वस्तू योग्य भावाने घ्यावी, नको असेल तर माणसाने माणसाला सांगावे तसे सांगावे. तसे सांगायला उभे राहावे लागते, आणि उभे राहणाराच पडत नाही.

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले होते. वॉकर गेला, आता हातात काठी आहे. काशीची राहिलेली यात्रा या माघात पुरी करायची म्हणतात. हाडांच्या डॉक्टरांनी होकार दिला आहे, मीही दिला. उठताना म्हणाले, “डॉक्टर, जरा बाहेर या. नवा सल्ला पाठ झाला की नाही, पाहा.” दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. गुरुजी उतरू लागले तशा काकू मागून ओरडल्या, “बाबूजी, माला ले लो! असली रुद्राक्ष!” गुरुजी जागच्या जागी थांबले. कठडा धरला, काठीसह मूठ छातीशी घेतली आणि वळून म्हणाले, “नहीं चाहिए, भैया.” रांगेतले सगळे हसले. ते हसू ओसरेपर्यंत गुरुजी तसेच उभे होते. मग त्यांनी खाली पायरीकडे पाहिले आणि पाऊल टाकले.

आपणही निघण्यापूर्वी आठवडाभर घरच्या जिन्यावर हा सराव करावा. माळ विकायला नातवंडे आनंदाने तयार होतील.